मूठभर खजूर आणि पाटलाचे खळे

परमुलखातील कथा वाचणाऱ्याला आपल्याकडे एक प्रश्न हटकून विचारला जातो : आपल्या गावची दुःखे संपली काय, म्हणून आफ्रिकेची वाचायला निघालात? विचारणाऱ्याचा हेतू बहुधा थट्टेचा असतो. पण प्रश्न थट्टेवारी नेण्यासारखा नाही. शेंद्र्याहून जालना रस्त्याने शहरातल्या ग्रंथालयात जायचे आणि तेथून घाना, सुदान, मोझांबिक अशा नकाशावर शोधाव्या लागणाऱ्या देशांच्या गोष्टी घेऊन परतायचे, ह्याचे काही तरी कारण सांगता आले पाहिजे. तेवढ्यासाठीच हा लेख लिहिते आहे.

वास्तविक आफ्रिकेला परमुलूख म्हणण्याचा अधिकार आपल्या शहराला फारसा नाही. १६१० साली खडकी हे गाव वसविणारा मलिक अंबर जन्माने हबशी होता. गुलाम म्हणून विकला गेलेला हा माणूस दख्खनमध्ये आला, निजामशाहीचा कर्ता पुरुष झाला आणि त्याच्या खडकीचे पुढे औरंगाबाद व आता छत्रपती संभाजीनगर झाले. त्याने बांधलेल्या नहरीचे नाव शहरातील जुनी माणसे आजही घेतात. त्यानंतरचे नाते साहित्याचे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५० साली येथे सुरू केलेल्या महाविद्यालयाच्या परिसरात दलित साहित्याची चळवळ वाढली, प्रा. गंगाधर पानतावणे ह्यांचे ‘अस्मितादर्श’ येथूनच निघाले. डॉ. जनार्दन वाघमारे ह्यांनी अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचे साहित्य मराठी वाचकाला समजावून दिले. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली तिने आपले नावही अमेरिकेच्या ब्लॅक पँथरवरून घेतले. मात्र हे सारे नाते अमेरिकेतील कृष्णवर्णीयांशी जडले. ज्या खंडातून त्यांचे पूर्वज पकडून नेले त्या खंडातील कथेकडे आपले लक्ष त्या मानाने कमीच गेले. माझ्या मते ही उणीव भरून काढण्यासारखी आहे.

मी ज्या संग्रहाविषयी लिहिते आहे तो चिनुआ अचेबे आणि सी. एल. इनिस ह्यांनी संपादित केलेला ‘आफ्रिकन शॉर्ट स्टोरीज’ हा होय. हाइनमान प्रकाशनाने तो १९८५ साली काढला. पश्चिम, पूर्व, उत्तर आणि दक्षिण अशा चार विभागांत मिळून त्यात वीस कथा आहेत. ह्याच दोघांनी १९९२ साली समकालीन आफ्रिकन कथांचा आणखी एक संग्रह सिद्ध केला. पण माझे मन ह्या पहिल्यातच गुंतले. पुढे नोबेल पारितोषिक मिळविणारे दोन लेखक ह्या वीस जणांत आहेत : नेडीन गॉर्डिमर (१९९१) आणि अब्दुलरझाक गुर्ना (२०२१). तथापि नोबेलच्या मोहरेवरून कथा निवडायची नाही, असे मी प्रथमच ठरविले होते.

मग निवडायची कशावरून? येथे आमच्या गावचे उदाहरण देते. चैत्रात शेंद्र्याला मांगीरबाबाची यात्रा भरते. नवस फेडण्यासाठी अंगात गळ टोचून घेण्याची रीत ह्या यात्रेत वर्षानुवर्षे चालत आली. बाहेरून आलेला पाहुणा तो गळ पाहतो, हळहळतो, अंधश्रद्धेवर दोन वाक्ये बोलतो आणि गाडीत बसतो. त्या माणसाने नवस कशाचा केला होता, लेकरू आजारी होते की बैल दगावला होता, हे तो विचारीत नाही. दुःखाच्या कथा वाचताना आपण बहुतेक जण त्या पाहुण्यासारखे वागतो. आपल्याला गळ दिसतो. नवस दिसत नाही. जी कथा आपल्याला नवसापर्यंत नेते ती चांगली, एवढी साधी कसोटी मी लावली.

ह्या कसोटीला काही कथा उतरल्या नाहीत. जोमो केन्याटा ह्यांची जंगलातल्या सभ्य गृहस्थांची कथा घ्या. हत्ती माणसाच्या झोपडीत आधी सोंड घालतो, मग सगळाच घुसतो. न्याय द्यायला सगळे प्राणीच बसतात. शेवटी माणूस झोपडीसकट सर्वांना जाळून टाकतो. हत्ती म्हणजे कोण, माणूस म्हणजे कोण, हे केनियाचा इतिहास ठाऊक नसलेल्यालाही कळते. वक्तृत्व स्पर्धेत टाळ्या घेईल अशी ही गोष्ट आहे. पण ती जेथे संपते तेथे वाचकाचे कामही संपते.

उलट अचेबे ह्यांच्या ‘सिव्हिल पीस’ ह्या कथेत वाचकाचे काम शेवटच्या ओळीनंतर सुरू होते. नायजेरियातील बियाफ्राचे युद्ध १९७० साली संपले, त्यानंतरची ही गोष्ट. जोनाथन नावाचा कुटुंबवत्सल माणूस युद्धातून पाच डोकी वाचली म्हणून देवाचे आभार मानतो : स्वतःचे, बायकोचे आणि चारांपैकी तीन मुलांचे. वर त्याची जुनी सायकलही वाचली आहे. सरकारकडून त्याला वीस पौंडांची रक्कम मिळते आणि त्याच रात्री चोर दारात उभे राहतात. शेजारी आतून कड्या लावून गप्प बसतात. जोनाथन वीस पौंड देऊन टाकतो. दुसऱ्या दिवशी लोक हळहळायला येतात तेव्हा तो सायकलला घागर बांधून कामाला निघालेला असतो. ही श्रद्धा म्हणायची, शहाणपण म्हणायचे, की पिचलेल्या माणसाची सवय? अचेबे सांगत नाहीत. आमच्याकडे औद्योगिक वसाहतीसाठी जमिनी गेल्या, मोबदल्याचे पैसे आले आणि ते पाहता पाहता कसे गेले ह्याच्या हकिगती कुंभेफळ, लाडगाव, करमाडच्या पारावर ऐकायला मिळतात. त्या सांगणाऱ्या म्हाताऱ्यांच्या आवाजात मला जोनाथनचा सूर ऐकू येतो.

घानाच्या अमा आटा आयडू ह्यांची कथा दक्षिणेकडून येणाऱ्या वाऱ्यांची आहे. उत्तरेकडच्या कोरड्या मुलखातला जावई सासूला सांगायला येतो की आपण कामासाठी दक्षिणेला निघालो. घरात त्याची बायको बाळंतीण आहे. सासू मनात जाणते की ही बातमी तिला नवी नाही. तिचा नवराही असाच गेला होता, शिपाई म्हणून, आणि परतला नाही. दिवाळीनंतर बीड-जालन्याकडच्या वाड्या-तांड्यांवर मुकादमाची उचल घेऊन कोयते निघतात, मागे म्हातारी माणसे आणि कुलपे राहतात, हे पाहिलेल्या वाचकाला ह्या कथेसाठी तळटीप लागणार नाही. आयडू ह्यांनी रडारड कोठे केली नाही. सासू बाजाराला निघते, कारण संध्याकाळी घरात काही तरी शिजले पाहिजे.

मोझांबिकचे लुईस बर्नार्डो होनवाना ह्यांच्या ‘पापा, साप आणि मी’ ह्या कथेत खुराड्यातला साप शेजारच्या गोऱ्या साहेबाच्या कुत्र्याला चावतो. साहेब घरी येऊन बापाला मुलांदेखत दटावतो, भरपाई मागतो. बाप खाली मान घालून ऐकून घेतो. मुलाला माहीत आहे की कुत्रा मेला तेव्हा आपण पाहत होतो आणि आपण त्याला वाचविले नाही. रात्री बाप आणि मुलगा बोलतात, तेव्हा ह्या घरात कोण भित्रा आणि कोण शूर हे सांगणे कठीण होते. पोर्तुगीज राजवट १९७५ साली गेली. पण साहेबासमोर बापाने खाली घातलेली मान पाहिलेला मुलगा जगात सगळीकडे आहे.

मुलींसाठी बेसी हेड ह्यांच्या बोट्स्वानातील लग्नाच्या कथेचा उल्लेख करणे अवश्य आहे. निओ ही शिकलेली मुलगी. केगोलेटिलेचे मन अडाणी पण गोड स्वभावाच्या मथातावर आहे. तरी तो लग्न करतो निओशी, कारण शिकलेली बायको पगार आणील. निओ शिक्षणामुळे गर्विष्ठ झाली आहे. शेवटी म्हातारी आत्या जमिनीवर मुठी आपटून तिला चांगली बायको हो म्हणून बजावते. ही कथा वाचून मला आधी राग आला. शिकलेली मुलगीच का गर्विष्ठ दाखवावी? मग लक्षात आले, की हेड नवऱ्यालाही सोडीत नाहीत. दोन मुलींमधून पगार मोजून निवड करणाऱ्या ह्या तरुणाला गावात कोणी गर्विष्ठ म्हणत नाही. आमच्याकडच्या स्थळांच्या बैठकांत ‘मुलगी नोकरी करते का’ हा प्रश्न किती सहज विचारला जातो, हे ज्यांनी चहाचा ट्रे धरून ऐकले आहे त्यांना ही कथा कळेल.

आणि आता ह्या संग्रहातील, माझ्या मते, सर्वांत मोठी कथा. ती आकाराने सर्वांत लहानांपैकी आहे. सुदानचे तय्यब सालिह (१९२९-२००९) ह्यांनी ती अरबीत लिहिली. तिचे नाव ‘मूठभर खजूर’. नदीकाठच्या गावातला एक लहान मुलगा आजोबांचा लाडका आहे. आजोबा उंच, रुबाबदार, पांढऱ्या दाढीचे. मुलाला मोठेपणी त्यांच्यासारखे व्हायचे आहे. एकदा तो शेजारच्या मसूदविषयी विचारतो. आजोबा सांगतात की मसूद आळशी माणूस आहे, ही सारी जमीन एके काळी त्याची होती, हळूहळू तिचा मोठा भाग आपण घेतला आणि उरलेलीही घेऊ. मग खजुराच्या तोडणीचा दिवस येतो. झाडे मसूदची, पण खळ्यावर व्यापारी आणि सावकार बसलेले. पोती मोजली जातात, वाटली जातात. मसूदच्या वाट्याला एकही येत नाही आणि त्याच्या डोक्यावरचे कर्ज तसेच राहते. मुलाच्या हातात कोणी तरी मूठभर खजूर दिलेले असतात, ते त्याने खाल्लेले असतात. तो नदीकडे पळत सुटतो आणि घशात बोट घालून ते खजूर ओकून टाकतो. कथा संपली.

ह्या कथेचे वेगळेपण कशात आहे? लुबाडल्या गेलेल्या माणसाची कथा आपण पुष्कळ वाचली. ही कथा लुबाडणाऱ्याच्या घरातून सांगितलेली आहे, तीही त्या घरातल्या सर्वांत निरागस आणि सर्वांत प्रेमळ डोळ्यांतून. आजोबा राक्षस नाहीत. ते नमाज पढतात, नातवावर जीव टाकतात, नातवाने कुराण पाठ म्हटले की खूश होतात. अन्याय करणारा माणूस आपल्याला आवडणारा माणूस आहे, ही अडचण सालिह वाचकासमोर ठेवतात आणि तिच्यातून सुटायला वाट ठेवीत नाहीत.

येथून मी आपल्या मराठीकडे वळते. अर्जुन डांगळे ह्यांनी संपादित केलेला ‘पॉयझन्ड ब्रेड’ हा मराठी दलित साहित्याच्या इंग्रजी अनुवादांचा ग्रंथ १९९२ साली निघाला. त्यात कविता, आत्मकथनांतील भाग, लेख आहेत आणि कथाही आहेत. आफ्रिकन संग्रहाच्या शेजारी ठेवून मी त्यातल्या कथा पुन्हा वाचल्या, आणि त्यांची उंची मला नव्याने कळली.

अण्णाभाऊ साठे ह्यांची ‘स्मशानातील सोनं’ जगातल्या कोणत्याही संग्रहात पहिल्या पंक्तीला बसेल. खाणीतले काम सुटलेला भीमा मढ्यांच्या अंगावरचे सोने शोधू लागतो. एका रात्री कोल्ह्यांशी झुंजतो, मढ्याच्या जबड्यात त्याची बोटे अडकतात, दोन बोटे गमावतो. आणि नेमकी तेव्हाच खाण पुन्हा सुरू झाल्याची बातमी येते. दगड फोडणारे हात गेले म्हणून तो धिप्पाड माणूस रडतो. वामन होवाळ ह्यांच्या ‘मजल्याचं घर’ ह्या कथेत मुंबईच्या गोदीतून निवृत्त झालेला बयाजी गावी मजल्याचे घर बांधू पाहतो. पाटलाला ते खपत नाही. घर जळते, बयाजी भाजून मरतो. आणि त्याचे मुलगे त्याच जागी मजल्याच्या घरासाठी पाया खणायला लागतात. बाबूराव बागुल ह्यांच्या ‘आई’मध्ये वर्गात आईची कविता चालली असताना एका पोराच्या मनात जे चालते ते लिहायला विलक्षण धैर्य लागले असेल.

ज्या कथेचे नाव ग्रंथाला मिळाले ती विषारी भाकरीची कथा बंधुमाधव ह्यांची. आजोबा आणि शिकणारा नातू बापू पाटलाच्या खळ्यावर जातात. नातू उलट बोलतो म्हणून पाटील धान्य नाकारतो. म्हातारा पुन्हा याचना करून बैलांपुढचे, शेणामुताने भरलेले शिळे तुकडे उचलून आणतो. तेच घरात शिजते आणि तेच म्हाताऱ्याचा जीव घेते. मरताना तो नातवाला जो उपदेश करतो तो मला थोडा लांबला असे वाटते. मरणाऱ्या माणसाला एवढे बोलवत नाही. पण खळ्यावरचा प्रसंग विसरता येत नाही.

एका कथेत खजुराचे खळे, दुसरीत ज्वारीचे. दोन्हीकडे एक आजोबा आणि एक नातू. फरक एवढाच, की सुदानचा नातू देणाऱ्याच्या बाजूला उभा आहे आणि आपला नातू मागणाऱ्याच्या. मग माझ्या मनात प्रश्न आला : बापू पाटलाच्या खळ्यावर त्या दिवशी पाटलाचा एखादा नातू खेळत नसेल काय? त्याने ते तुकडे उचलताना पाहिले नसतील काय? त्या रात्री त्याला भाकरी गोड लागली असेल काय? त्याची कथा मला वाचायची आहे.

हा प्रश्न निव्वळ साहित्याचा नाही. आमच्या वर्गात दोन्ही खळ्यांवरची नातवंडे शेजारी शेजारी बसतात. दलित कथा शिकविली जाते तेव्हा एका बाजूच्या मुलांना आपण प्रदर्शनात मांडले गेलो असे वाटते, दुसऱ्या बाजूच्या मुलांना आपण आरोपीच्या पिंजऱ्यात आहोत असे वाटते. दोघेही खाली मान घालून ‘कथेतील सामाजिक आशय’ ह्या दहा गुणांच्या प्रश्नाचे उत्तर उतरवून घेतात. गळ सर्वांना दिसतो आणि नवस राहून जातो.

माझे घर शेतीचे आहे. सालिहची कथा वाचल्यावर मी आजोबांना विचारले, की सातबाऱ्यावरची खालच्या अंगाची दोन एकरे आपल्याकडे कशी आली. आजोबा तेव्हा पंचविशीचे होते. ‘बहात्तरच्या दुष्काळात घेतली,’ ते म्हणाले, ‘बाजरीच्या पोत्यांवर. त्यानं मागितलं, म्या देलं. जबरदस्ती केली न्हाई.’ थोड्या वेळाने पुढे म्हणाले, ‘हात चालत नव्हता त्याचा.’ आळशी हा शब्द त्यांनी वापरला नाही, पण अर्थ तोच. ह्याच आजोबांनी मला पहिलीपासून सायकलवर शाळेत सोडले आणि कॉलेजला पाठवायचे ठरले तेव्हा घरात एकट्याने माझी बाजू घेतली. ज्यांची जमीन होती त्यांची नात माझ्याच बसने शहरात जाते. सालिहच्या मुलासारखे नदीवर पळून जाणे मला शक्य नाही. बाजरी पचून पन्नास वर्षे झाली. पण विचारणे शक्य आहे, आणि विचारलेले लिहून ठेवणेही.

ह्यावर एक आक्षेप येईल आणि तो वजनदार आहे. ज्यांना आत्ता कोठे बोलायला मिळाले त्यांच्या आवाजावर पुन्हा पाटलाच्या नातवाचा आवाज चढवायचा काय? त्याचे पश्चात्तापाचे उमाळे ऐकत बसायचे काय? असे झाले तर ते वाईटच. पण सालिहच्या कथेकडे पाहा. तिच्यात पश्चात्तापाचे भाषण नाही, मसूदला मिठी मारणे नाही, आजोबांचे हृदयपरिवर्तन नाही. मुलगा काहीही बोलत नाही. त्याच्या शरीराने जे नाकारले तेवढेच लेखकाने लिहिले. अशी कथा पीडिताच्या कथेची जागा घेत नाही. ती त्या कथेची साक्ष देते. बंधुमाधवांच्या खळ्यावर जे घडले ते खरे होते, असे समोरच्या बाजूने कोणी तरी म्हणणे आवश्यक असते. आजपर्यंत सारा पुरावा ज्याने सोसले त्यानेच आणून द्यायचा, असा आपला न्याय चालला आहे.

आफ्रिकेच्या कथा कशासाठी वाचायच्या, ह्याचे माझे उत्तर आता देते. आपल्या गावच्या कथेत आपण कोणाच्या बाजूला उभे आहोत हे जन्मानेच ठरून गेलेले असते. पान उघडण्याआधीच आपण रागावलेले किंवा सावरून बसलेले असतो. सुदानच्या नदीकाठी आपल्याला कोणी ओळखत नाही. तेथे आपण निःशंक मनाने त्या मुलाबरोबर खजूर खातो, आजोबांवर प्रेम करतो आणि मग घशाशी काही तरी येते. तोवर उशीर झालेला असतो. गोष्ट आपली झालेली असते. तीच गोष्ट घेऊन गावी परतले की पाटलाचे खळे वेगळे दिसते.

आमच्या वार्षिक अंकात दरवर्षी ग्रामीण कथा येतात, दलित कथा येतात. पुढील वर्षी कोणी तरी खळ्याच्या दुसऱ्या बाजूने एक कथा लिहावी, अशी माझी वर्गमित्रांना आणि मैत्रिणींना विनंती आहे. सातबारा घरातच असतो आणि आजोबा ओसरीवर. अंकाला पाने कमी पडत असतील तर संपादकांनी माझी कविता खुशाल वगळावी.